तुमुसच्या वाटेची ओग्दो

येव्दोकिया देमियानोव्ना स्त्रूचकोवा. जन्म १४ मार्च १९४१, तुमुस येथे. मृत्यू ३ फेब्रुवारी २०१२, कुयदा येथे. कागदोपत्री नाव एवढे लांब असले, तरी आम्हा सायबेरियातल्या साखा लोकांच्या जिभेवर येव्दोकियाची ओग्दो होते, आणि वयाने लहान असलेले सगळे तिला ओग्दो एजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. कुयदाच्या वाहतूक कचेरीत तिने १९६३ पासून १९९६ पर्यंत, म्हणजे सलग तेहतीस वर्षे, मालवाहतुकीच्या नियोजनाचे काम केले. त्यांपैकी एकोणीस वर्षे माझे टेबल तिच्या टेबलासमोर होते. नियोजन विभागाचा प्रमुख मी होतो, हे नोंदीपुरते खरे आहे.

कुयदा नदीच्या वरच्या अंगाला आणि तुमुस तिच्या मुखाशी, समुद्राच्या काठावर. मधले अंतर सहाशे चाळीस किलोमीटर. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत गोठलेली नदी हाच रस्ता. पुढे ऑगस्ट संपत आला की समुद्र जेमतेम तीन आठवडे मोकळा होई आणि एखाददुसरे जहाज तुमुसला लागे. म्हणजे तुमुसची माणसे वर्षभर काय खाणार, काय जाळणार आणि कशावर निजणार, हे बहुतांशी या शंभर दिवसांत ठरत असे. ते ओग्दो ठरवत असे.

तिची पद्धत सांगितली पाहिजे. तिच्या टेबलामागे भिंतीवर लार्चच्या लाकडाची एक लांब फळी होती. तिच्यावर तिने नदी कोरली होती, एकतीस वळणांसह. प्रत्येक वळणाला एक भोक आणि प्रत्येक ट्रकसाठी एक खुंटी. सकाळी आठच्या बिनतारी संभाषणात वाटेवरच्या झोपड्यांचे राखणदार बर्फाची जाडी कळवत. ते वितींत सांगत. ती माझ्या समाधानासाठी सेंटीमीटरमध्ये लिहून घेई आणि स्वतःशी पुन्हा वितींत मोजे. सर्वांत जड ट्रक ताफ्यात तिसरा. पुढचे दोन हलके, बर्फ जोखण्यासाठी. दोन ट्रकांत शंभर पावलांचे अंतर. बर्फाखालच्या पाण्याला लाट येऊ नये म्हणून ठरावीक वेगाच्या वर जायचे नाही. मुखाजवळच्या शेवटच्या टप्प्यात केबिनचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवायचे, थंडी कितीही असो. हे सगळे नियम तिने लिहून काढले होते, आणि त्या लिखाणात मला दुरुस्त करण्यासारखे फारसे काही सापडत नसे. हे मी सहजासहजी कोणाबद्दल म्हणत नाही.

आमच्या तक्त्यात मात्र एक सातवा रकाना होता: पोहोचण्याची अपेक्षित तारीख. मुख्य कचेरीला तो भरून हवा असे. आणि आमचा एकही चालक ती तारीख तोंडाने सांगत नसे.

हा कामचुकारपणा नव्हे. आमच्याकडे शिकारीला निघालेल्याला कुठे चाललास असे कोणी विचारत नाही, आणि वाटेला लागलेला माणूस केव्हा पोहोचेन हे बोलत नाही. वाट ऐकत असते. तिच्या देखत तारीख उच्चारली की ती मोडल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी शिकलेला माणूस. इर्कूत्स्कला पाच वर्षे काढून, पदवी घेऊन आलेला. पहिल्या वर्षी मी ताफ्याचा म्होरक्या मिखेय सिव्त्सेव याला सरळ विचारले, "कधीपर्यंत पोहोचाल?" त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याच्या आईला शिवी दिली. त्याने ट्रकचे इंजिन बंद केले, खाली उतरला आणि खानावळीत जाऊन बसला. त्या दिवशी ताफा निघाला नाही.

"स्तेपान येगोरविच," ओग्दो मला म्हणाली, "तुम्ही तक्ता माझ्याकडे द्या आणि गप्प बसा. तुमचा रकाना भरेल."

तो भरला, आणि पुढेही दर वेळी भरत राहिला. कसा, ते कळायला मला सहा महिने लागले. ताफा निघण्याच्या सकाळी चालक खानावळीच्या खिडकीतून शिधा घेत: मांसाचे गोठलेले तुकडे, चपट्या रोट्या, मासा, आणि वाट्यांत गोठवलेल्या दुधाच्या चकत्या. दूध एका माणसाला दिवसाला एक चकती. ओग्दो खिडकीपाशी उभी राहून इकडच्या तिकडच्या गप्पा मारी आणि मिखेयच्या पिशवीत चकत्या किती पडतात तेवढे पाही. आठ पडल्या तर आठ दिवस. बर्फ वाईट असेल असे त्याला वाटत असले तर अकरा. ताफा वळणाआड गेला की ती टेबलाशी येऊन सातव्या रकान्यात पेन्सिलीने तारीख लिही.

"लिहिलेलं चालतं?" मी विचारले होते.

"वाटेला वाचता कुठं येतंय?" ती म्हणाली.

आता १९८३ च्या एप्रिलकडे येतो, कारण तिच्याविषयी सांगायचे ते मुख्यतः तिथेच आहे.

त्या हिवाळ्यात तुमुसच्या शाळेचा बॉयलर फुटला. मुलांनी मार्चपर्यंतचे वर्ग खानावळीत चुलीभोवती बसून केले. नवा बॉयलर दक्षिणेकडून निघाला, पण वाटेत दोनदा रखडत आमच्याकडे पोहोचला तो आठ एप्रिलला. तो बसवायला पुरा उन्हाळा लागणार होता. ऑगस्टच्या जहाजाने पाठवला असता तर पहिल्या हिमवर्षावाआधी तो चालू होणे अशक्य. तसे झाल्यास शाळा वर्षभर बंद ठेवायची आणि तुमुसच्या अडतीसही मुलांना चारशे किलोमीटरवरच्या निवासी शाळेत धाडायचे, असे लेखी ठरले होते. त्यांत पहिलीची नऊ होती.

ओग्दो स्वतः सातव्या वर्षी अशीच धाडली गेली होती, कारण तेव्हा तुमुसला शाळाच नव्हती. ती त्याविषयी फार बोलत नसे. एकदाच म्हणाली होती की पहिल्या उन्हाळ्यात घरी परतल्यावर आई धक्क्यावर उभी होती आणि आपण तिला 'नमस्कार, बाई' म्हणालो, शिक्षिकेला म्हणतात तसे. आई हसली होती, असेही तिने सांगितले. बॉयलर आला त्या दिवशी ती गोदामात गेली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि लोखंडावर थाप देऊन म्हणाली, "चल बाबा. तुझ्याचसाठी बर्फ थांबलाय."

मुखाजवळचा बर्फ साधारणपणे पंचवीस एप्रिलपर्यंत टिके. दहा तारखेला सकाळी सात ट्रक निघाले. बॉयलर तिसऱ्यावर. मिखेयच्या पिशवीत दहा चकत्या पडल्या. ओग्दोने पेन्सिलीने लिहिले: एकोणीस. सहा दिवस हाताशी राहत होते. ती इतकी खूश होती की त्या दुपारी तिने आम्हा सर्वांसाठी साय घुसळून, तिच्यात गोठलेली रानफळे घालून आणली.

चौदा तारखेच्या विमानाने मुख्य कचेरीचे तपासनीस अर्कादी ल्वोविच वेनेदिक्तोव आले. मनुष्य वाईट नव्हता. नीटनेटका, हसतमुख, कामाला वाघ. माझ्याप्रमाणेच त्यांनाही रिकामे रकाने पाहवत नसत. त्यांनी तक्ता पाहिला, पेन्सिलीची तारीख पाहिली, खानावळीचे शिध्याचे पुस्तक मागवले आणि अर्ध्या तासात चकत्यांचे गणित स्वतःच उलगडले. त्यांना फार आनंद झाला.

"पण हे तर उत्तम आहे! मग लपवता कशाला? लोकांना कळू द्या. शाळेचा बॉयलर येतोय, वाजतगाजत स्वागत झालं पाहिजे!"

"अर्कादी ल्वोविच," ओग्दो म्हणाली, "कळवायचं ते पोहोचल्यावर कळवू. ट्रक वाटेत आहेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ऐकतायत."

"चालक?"

"चालकसुद्धा."

अर्कादी ल्वोविचनी माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी काय म्हणालो ते लिहिणे क्रमप्राप्त आहे. मी म्हणालो की पूर्वसूचना देणे नियमाला धरूनच आहे. संध्याकाळच्या संभाषणात त्यांनी स्वतः माइक हातात घेतला आणि स्पष्ट, सुरेख उच्चारांत तुमुसला कळवले की ताफा एकोणीस एप्रिलला दुपारी बारा वाजता पोहोचेल. धक्क्यावर वाद्यवृंद, फलक आणि शाळेची मुले हजर असावीत. बिनतारी संच मिखेयच्या ट्रकमध्येही होता.

ओग्दोने फळीवरची खुंटी पुढे सरकवली नाही.

ताफा अठराला शेवटच्या झोपडीपाशी पोहोचला, तुमुसपासून सत्तर किलोमीटरवर, आणि तिथे थांबला. एकोणिसाला वाद्यवृंद धक्क्यावर तीन तास उभा होता. कर्ण्याचे तोंड ओठाला चिकटल्याने वाजवणाऱ्याला ऊन पाणी लावून सोडवावे लागले. संध्याकाळी ओग्दोने मिखेयला बोलावले.

"मिखेय, काय मोडलंय?"

"काही नाही, एजी. चहा पितोय."

"कालपासून?"

"चहा चांगलाय."

"दूध आहे का?"

"एक चकती उरलीय. सात जणांत चाटतोय."

अर्कादी ल्वोविचना वाटले, ट्रक बिघडला असून चालक लाजेपोटी लपवत आहेत. त्यांनी माइक घेऊन सहानुभूतीने सांगितले, "काळजी करू नका, साथींनो! दुरुस्तीला एक दिवस देतो. तुमुसला कळवतो की तुम्ही एकवीसला येताय." आणि तसे कळवलेही. एकवीसला ताफा हलला नाही. एकवीसला संध्याकाळी त्यांनी बावीस ही तारीख जाहीर केली, या वेळी जरा कडक आवाजात. पलीकडून मिखेयचे एकच वाक्य आले: "एजी, त्या भल्या माणसाला कोणीतरी जेवायला घाला. तोंडात काही असेल तर बोलायचा थांबेल."

त्या रात्री वारा वळून दक्षिणेकडून वाहू लागला. बावीसच्या सकाळी शेवटच्या झोपडीच्या राखणदाराने कळवले की बर्फावर पाणी येऊ लागले आहे. अजून घोट्याखाली आहे, पण उद्या संध्याकाळपर्यंत गुडघ्याला येईल.

मी ओग्दोला बाजूला घेतले. "त्याला हुकूम दे. लेखी हुकूम मी सही करून देतो. निघ म्हणावं, आत्ताच्या आत्ता."

"मिखेय भित्रा नाही, स्तेपान येगोरविच," ती म्हणाली. "त्याच्या मागे सहा ट्रक आहेत आणि तिसऱ्यावर नऊ टनांचं लोखंड. वाटेला आठ दिवस ओरडून ओरडून सांगितलंय, येतायत, येतायत, येतायत. आता मुखावर ती तोंड उघडून बसलीय. तो का जाईल? मी असते तर मीही गेले नसते."

"मग मुलं जाणार."

"मुलं जाणार नाहीत," ती म्हणाली, आणि माइकपाशी जाऊन बसली. आठ वाजले होते. तिने केस नीट केले, घसा साफ केला आणि मुख्य कचेरीच्या नियमावलीतल्या भाषेत, जी ती कधीच वापरत नसे, बोलायला सुरुवात केली.

"तुमुस, कुयदा बोलतेय. अधिकृत संदेश. ताफा येणार नाही. पुन्हा सांगते, कोणताही ताफा येणार नाही. वाटेवर कोणी नाही. बॉयलर परत मागवलाय. वाद्यवृंद घरी पाठवा. न्हाणीघर तापवू नका. भाकरी भाजू नका. कोणीही धक्क्यावर जाऊ नका, तिथं बघण्यासारखं काही नाही."

अर्कादी ल्वोविच खुर्चीतून उठले. मग पलीकडून तुमुसची बिनतारीवाली फेक्ला बोलली. ती साठीची बाई, तुमुसमध्येच वाढलेली.

"कुयदा, समजलं. कोणी येत नाही. बरंच झालं, माझ्याकडे पीठही नाही." मग म्हणाली, "न्हाणीघर तापवायचं नाही ते किती माणसांसाठी?"

"सात."

"सात जणांसाठी तापवत नाही. संपलं."

नंतर नुसती खरखर. आणि तिच्यातून मिखेयचा आवाज, गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच हलका: "एजी, आम्ही परत निघालो."

"नीट जा," ओग्दो म्हणाली. "दारं उघडी ठेव."

माघारी, कुयदाकडे जाताना केबिनची दारे उघडी ठेवायचे काहीच कारण नव्हते. त्या बाजूला थेट कुयदापर्यंत बर्फ हातभर जाड होता. मी हे अर्कादी ल्वोविचना हळूच समजावून सांगितले. ते खुर्चीत परत बसले.

"ते पुढे जातायत," ते म्हणाले.

"मोठ्यानं नको," ओग्दो म्हणाली. "हवंच असेल तर कागदावर लिहा."

त्यांनी खरोखर कागदावर लिहिले आणि तिच्यापुढे सरकवले. तिने वाचून मान हलवली. त्यानंतर दिवसभर त्या माणसाने तोंडातून अवाक्षर काढले नाही. चहा हवा असला तरी बोटाने किटली दाखवीत होते. ओग्दोने त्यांना दुपारी माशाचे सूप वाढले. त्यांनी दोनदा मागून घेतले.

मुखावरचे सत्तर किलोमीटर ताफ्याला अठ्ठावीस तास लागले. सातही चालक पाळीपाळीने पुढे चालत काठीने बर्फ ठोकत गेले. पाणी पिंढऱ्यांना लागत होते. वाटेत मिखेयने उरलेली दुधाची चकती आणि रोटीचा तुकडा नदीला दिला. त्यावरून चालकांत वाद झाला, हे नंतर कळले: तेरेन्ती नावाचा चालक म्हणत होता की आपण इथे नाहीच, तर नदीला देतोय कोण? मिखेयने त्याला सांगितले की तोंड मिटून चाल, फुकटचा शहाणपणा इर्कूत्स्कला जाऊन शिक. हा टोमणा मला उद्देशून होता आणि तो मला पोचता व्हावा अशीच व्यवस्था करण्यात आली होती.

तेवीसला दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी फेक्लाचा संदेश आला.

"कुयदा, धक्क्यावर कोणी आलेलं नाही. सातही जण आलेले नाहीत. तिसऱ्या ट्रकवर काहीतरी मोठं आहे, तेही आलेलं नाही, पण ते उतरवायला मला क्रेन लागतेय."

ओग्दोने सातही खुंट्या एकेक करून शेवटच्या भोकात बसवल्या. मग तिने अर्कादी ल्वोविचकडे वळून म्हटले, "आता ओरडा हवं तितकं." ते माइककडे गेले, आणि त्यांनी वाद्यवृंदाला पुन्हा बोलावले. कर्णेवाल्याने यायचे नाकारले, बाकीचे आले. मिखेयने माइकवर ओग्दोला एवढेच विचारले, "एजी, आम्हाला परत बोलावलं होतंस ना? मग आम्ही इथं काय करतोय?"

"तुम्ही कधी ऐकलंय माझं?" ती म्हणाली.

चोविसाला रस्ता बंद झाला. ट्रक पुढच्या हिवाळ्यापर्यंत तुमुसलाच राहिले आणि जानेवारीत बर्फ धरल्यावर परत आले. चालक विमानाने परतले. उतरल्यावर एकानेही ओग्दोचे आभार मानले नाहीत, कारण आमच्याकडे अशा गोष्टीचे आभार मानत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी एक अख्खा पांढरा मासा, तिच्या हाताएवढा लांब, टेकवून ठेवलेला सापडला. तिने त्याचे पातळ काप करून आम्हा सर्वांना वाढले आणि त्या महिन्यात तिने जेवढी गाणी म्हटली, तेवढी मी तिच्या तोंडून पुढे कधी ऐकली नाहीत.

बॉयलर दोन सप्टेंबरला पेटला. तुमुसची शाळा वेळेवर उघडली आणि अडतीस मुलांपैकी एकही बाहेर गेले नाही. अर्कादी ल्वोविचनी परत जाऊन स्वतःच्या सहीने सूचना काढली की या मार्गावर ताफ्याच्या आगमनाची घोषणा शेवटचा ट्रक थांबल्यानंतरच करावी. ती सूचना पुढची आठ वर्षे पाळली गेली. ते दर नव्या वर्षाला ओग्दोला एक पत्र पाठवीत. त्यात तब्येतीची चौकशी असे आणि आपण केव्हा भेटायला येणार याबद्दल चकार शब्द नसे.

एक गोष्ट मात्र मिटायची राहिली. बावीस एप्रिलच्या नोंदवहीत 'ताफा परत बोलावला' असे होते आणि तेवीसच्या नोंदीत 'ताफा पोहोचला'. दोन्हींवर शिक्का होता. मुख्य कचेरीने विसंगतीचा खुलासा मागवला आणि अधिकृत बिनतारीवर खोटा संदेश दिल्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्याला लेखी ठपका देण्यास सांगितले. विभागप्रमुख या नात्याने तो मी लिहिला. ओग्दोने तो उभ्याउभ्या वाचला, "छान लिहिलंय, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहेत," म्हणाली आणि सही केली. तो माझ्या हस्ताक्षरातला कागद तिच्या सेवापुस्तकात तेरा वर्षे राहिला आणि त्यामुळे तिची बढती दोनदा हुकली. १९८५ मध्ये तो रद्द व्हावा म्हणून मी अर्ज केला. संदेश खरा होता याचा पुरावा जोडा, असे उत्तर आले. १९९० मध्ये पुन्हा केला. त्यानंतर मुख्य कचेरीच उरली नाही आणि तिची दप्तरे याकूत्स्कच्या अभिलेखागारात गेली. ओग्दो म्हणे, राहू द्या हो, ज्याने त्याने आपापले काम केले. तिच्या मृत्यूनंतर मी तिसरा अर्ज केला आहे, पुराव्यादाखल तुमुसच्या शाळेचा १९८३ चा हजेरीपट जोडून; त्यात अडतीसही नावे जागच्या जागी आहेत. त्याची पोच आली आहे. निर्णय अद्याप आलेला नाही.